चौरस फूट, पण कशाचा?

गेल्या वर्षी दादा-वहिनींनी विक्रोळीला, कन्नमवार नगरात, पुनर्विकास झालेल्या एका इमारतीत रिसेलचा वन बीएचके घेतला. चावी हातात आली त्याच रविवारी दोन कॉन्ट्रॅक्टर घर बघून गेले. एक म्हणाला, सगळं मिळून दोन हजार रुपये फूट. दुसरा म्हणाला, दीड हजार. वहिनींनी मनातल्या मनात दुसऱ्याला काम देऊनही टाकलं होतं. मी आमच्या सोसायटीचे हिशेब बघते, त्यामुळे आकडेमोडीतलं मला कळतं असा माहेरी समज आहे. दोन्ही कोटेशनं माझ्याकडे आली. नीट वाचली तर पहिल्याने फूट धरले होते ४००, दुसऱ्याने ६२०. दोन हजार गुणिले ४०० म्हणजे आठ लाख. दीड हजार गुणिले ६२० म्हणजे नऊ लाख तीस हजार.

खोटं कुणीच बोललं नव्हतं. ६२० हा आकडा मूळ मालकाच्या वेळच्या बिल्डरच्या पत्रकातला होता. त्यात जिना, लॉबी, लिफ्ट, बाहेरच्या भिंती, सगळ्यातला थोडा थोडा वाटा जमा होता. आता लॉबीला रंग काही वहिनी लावणार नव्हत्या. तरी तो आकडा कोटेशनमध्ये येऊन बसला, कारण ‘फूट’ म्हणजे कशाचा फूट हे कुणी विचारलंच नाही.

घरकामाच्या खर्चाचं गणित सातवीतल्या सूत्रांपलीकडचं नाही. लांबी गुणिले रुंदी, परिमिती गुणिले उंची, क्वचित एखादा समलंब चौकोन. अडतं ते सूत्राशी नाही, तर कुठलं सूत्र कुठल्या कामाला लावायचं याच्याशी. आणि मुंबईच्या लहान घरात हे जास्तच अडतं, ते का ते पुढे सांगते.

कार्पेट म्हणजे फक्त जमीन

करारनाम्यात घराचं क्षेत्रफळ ३७.१६ चौरस मीटर लिहिलेलं होतं. करार मीटरमध्ये आणि बाजार फुटांत, हा आपल्याकडचा जुना संसार आहे. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात, म्हणजे इथे बरोबर ४००. मुंबईत ऐकू येणारे काही विचित्र आकडे याच गुणाकारातून आलेत. झोपडपट्टी पुनर्वसनातलं ‘२६९ फुटांचं घर’ म्हणजे दुसरं काही नाही, २५ चौरस मीटर. आता मिळणारं ३०० फुटांचं घर कागदावर २७.८८ चौरस मीटर असतं.

तर ४०० कार्पेट. पण टेप घेऊन खोल्या मोजल्या तर हॉल १० बाय १४, बेडरूम १० बाय ११, किचन ८ बाय ९, पॅसेज ३ बाय ६, बाथरूम ४ बाय ७, संडास ३ बाय ४. बेरीज ३८०. वहिनी घाबरल्या, वीस फूट गेले कुठे? कुठे गेले नव्हते, भिंतींखाली होते. २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे घरबांधणी-विक्रीच्या नियमनाच्या कायद्यात, कार्पेटची जी व्याख्या आहे, तिच्यात घराच्या आतल्या भिंतींची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी मात्र धरली जात नाही. म्हणजे लाद्यांचा हिशेब ४०० वर केला तर भिंतींखालच्या वीस फुटांना लादी लावल्यासारखं होतं. आणि बाल्कनी असेल तर उलटं. ती कार्पेटमध्ये नाही, पण तिथे लादी लागतेच. शेवटी सरळ रस्ता एकच. कागद बाजूला ठेवायचा आणि प्रत्येक खोली आतून मोजायची.

(गावी काकांना ४०० फुटांचं घर सांगितलं तर ते गुंठ्यात विचार करतात. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, ३३ बाय ३३. म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही, असं ते दरवेळी म्हणतात, आणि मग किंमत विचारून गप्प बसतात.)

भिंती जमिनीपेक्षा मोठ्या असतात

रंगवायला काय असतं? भिंती आणि छत. छत जमिनीएवढंच. भिंतींसाठी प्रत्येक भिंत वेगळी मोजत बसायची गरज नाही. खोलीच्या चारी बाजूंची बेरीज करायची आणि उंचीने गुणायचं. वहिनींच्या हॉलची परिमिती ४८ फूट, जमिनीपासून छतापर्यंत उंची साडेनऊ. ४८ गुणिले ९.५ म्हणजे ४५६. त्यात छताचे १४०. एकूण ५९६ चौरस फूट. म्हणजे १४० फुटांच्या हॉलमध्ये रंगाचं काम जवळजवळ ६०० फुटांचं.

असंच बेडरूममध्ये ५०९, किचनमध्ये ३९५, पॅसेजमध्ये १८९. बाथरूम-संडासात सात फुटांपर्यंत टाइल, त्यावरची अडीच फुटांची पट्टी आणि छत मिळून १३०. सगळं घर १,८१९ फूट. यातून दारं, खिडक्या, पॅसेजचं मोकळं तोंड, ओट्यावरच्या टाइल्स असे सुमारे २९० वजा केले की उरतात १,५३०.

रंगारी लोकांचा एक ठोकताळा असतो: कार्पेटच्या तिप्पट, फार तर साडेतीनपट. तिप्पट म्हणजे १,२००, साडेतीनपट म्हणजे १,४००. प्रत्यक्षात आले १,५३०, म्हणजे पावणेचारपटीच्याही वर. ठोकताळा चूक नाही, तो मोठ्या खोल्यांचा आहे. २० बाय २० चा दिवाणखाना घ्या. परिमिती ८०, भिंती ७६०, छत ४००, बेरीज १,१६०. जमिनीच्या २.९ पट. आता १० बाय १० ची खोली. परिमिती ४०, भिंती ३८०, छत १००, बेरीज ४८०. जमिनीच्या ४.८ पट. खोलीची बाजू निम्मी झाली की जमीन पाव होते, भिंत मात्र निम्मीच होते. लहान घराच्या खर्चाचं मूळ दुखणं हे आहे. ठाण्याच्या मोठ्या फ्लॅटमध्ये कुणाला तरी रंगाचा खर्च ‘कार्पेटवर शंभर रुपये फूट’ पडला, म्हणून तो दर चाळीतल्या खोलीला लावला की खड्ड्यात जायचं.

त्यात दुसरी गंमत अशी की मध्ये घातलेली प्रत्येक भिंत दोन तोंडांनी खर्च मागते. मुंबईतल्या जुन्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, पुनर्विकासात मिळणारं घर ५०० फुटांचं. जमीन तिपटीहून थोडी जास्त. पण १६० फूट म्हणजे एकच सलग खोली, आणि ५०० फुटांत दोन बेडरूम, किचन, दोन न्हाणीघरं. दहा फुटांची एक आतली भिंत उभी राहिली की परिमितीत वीस फूट वाढले. साडेनऊ उंचीने गुणा: १९० फुटांचं रंगकाम, आणि त्या भिंतीने जमीन उलट थोडी खाल्लीच. नव्या घरात गेल्यावर रंगाचं कोटेशन तिप्पट येईल असं धरून बसलेल्यांनी हा गुणाकार करून बघावा.

क्षेत्रफळ हातात आलं की रंगाचे लिटर काढणं सोपं. डब्यावर एका लिटरमध्ये किती फूट होतात ते छापलेलं असतं, फक्त ते एका हाताचं आहे की दोन हातांचं ते बघून घ्यायचं. समजा एका हाताला लिटरमागे १४० फूट. १,५३० भागिले १४० म्हणजे जवळजवळ ११ लिटर, दोन हातांना २२. तिपटीच्या ठोकताळ्याने आले असते १७, म्हणजे वीस लिटरची बादली आणून आपण निर्धास्त झालो असतो. आणि मग बेडरूमच्या शेवटच्या भिंतीवर दोन लिटर कमी. दुकानदार शेड मशीनवर पुन्हा काढून देतो, पण वहिनींच्या शब्दांत सांगायचं तर ‘ती भिंत सावत्र दिसते’.

नऊ-सहा म्हणजे साडेनऊ

मोजायला मी गेले तेव्हा मिस्त्री टेपचं एक टोक धरून होता, दुसरं माझ्याकडे. त्याने उंची वाचली, ‘ताई, नऊ-सहा’. मग कानावरची पेन्सिल काढून भिंतीवरच लिहिलं: ९.६. हे लोक हिशेब भिंतीवरच मांडतात, नाहीतरी लांबीखाली, म्हणजे पुट्टीखाली, जाणारच असतो तो. मग खिशातून फोन काढून ४८ गुणिले ९.६ केलं. ४६०.८.

नऊ फूट सहा इंच म्हणजे साडेनऊ, ९.५. फुटात बारा इंच असतात, दहा नाही. मधला टिंब हा इंचाचा आहे की दशांशाचा, हे फोनच्या कॅल्क्युलेटरला कळत नाही. एका उंचीत फरक फार नाही, पण सवय वाईट. समजा खोली ८ फूट ९ इंच बाय १० फूट ९ इंच. खरं क्षेत्रफळ ८.७५ गुणिले १०.७५, म्हणजे ९४ फूट. ८.९ गुणिले १०.९ केलं तर ९७. प्रत्येक खोलीत, प्रत्येक भिंतीत दोन-तीन टक्के असेच सरकत जातात.

ही चूक कुणाच्या बाजूने होते ते मी एका दुपारी बसून तपासलं. एक इंच ते नऊ इंचांपर्यंत ती नेहमी माप वाढवते, म्हणजे पैसे घेणाऱ्याच्या फायद्याची. दहा आणि अकरा इंचांना ती फिरते: १० फूट १० इंच म्हणजे खरे १०.८३, पण कॅल्क्युलेटरवर १०.१० टाकलं की पाऊण फूट गायब. आमच्या मिस्त्रीला ही दुसरी गोष्ट सांगितली तेव्हा कुठे त्याने कान टवकारले.

उपाय साधा आहे. ३ इंच म्हणजे ०.२५, ६ म्हणजे ०.५, ९ म्हणजे ०.७५ हे पाठ असावं. मधल्या इंचांना बाराने भागावं. नाहीतर सगळंच इंचांत मोजा, गुणाकार करा आणि १४४ ने भागा.

दुसरं, खोली चौकोनी आहे असं समजू नका. किचनची एक भिंत आठ फूट, समोरची आठ फूट तीन इंच, हे आपल्याकडे रोजचं. गवंडी कोपऱ्यात गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून बघतो. आपल्याकडे गुण्या नसतो, टेप असतो. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करा, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं तर कोपरा काटकोनात. पाचहून जास्त आलं तर कोपरा उघडला आहे, कमी आलं तर मिटला आहे. समोरासमोरच्या भिंती समांतर पण लहानमोठ्या असतील तर समलंब चौकोनाचं सूत्र: दोन्हींची सरासरी गुणिले मधलं अंतर. टॉवरमधल्या तिरक्या कापलेल्या बेडरूमना हेच लावायचं. १० आणि १२ फुटांच्या भिंती, मधे ११ फूट, झाले १२१.

दोन बाय दोनची लादी दोन बाय दोनची नसते

जमिनीचं काम सगळ्यात सोपं वाटतं. हॉल, बेडरूम, किचन, पॅसेज मिळून ३४० फूट. दुकानात सांगतात, दोन बाय दोनची लादी, एका बॉक्समध्ये चार, म्हणजे सोळा फूट. ३४० भागिले १६, बावीस बॉक्स.

तीन गोष्टी राहून गेल्या. पहिली, ती लादी ६०० मिलिमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. बॉक्समध्ये सोळा नाही, साडेपंधरा फूट भरतात. दुसरी, स्कर्टिंग. भिंतीच्या कडेने चार इंचांची पट्टी त्याच लादीतून कापतात. दारं सोडून आमच्याकडे ती ११० फूट धावत होती, म्हणजे आणखी ३७ चौरस फूट. तिसरी, कापाकापीतली नासाडी.

नासाडीला सरळ मांडणीत पाच टक्के आणि तिरक्या मांडणीत दहा टक्के धरतात. लहान खोल्यांत मी सरळ मांडणीलाही दहाच धरते, आणि त्याचं कारण हॉलमध्ये उकिडवं बसल्यावर दिसतं. दहा फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर. पाच लाद्या ३००० खातात, सांधे धरले तर थोडं जास्त. उरते दीड इंचाची चीर. त्या दीड इंचासाठी प्रत्येक ओळीला सहाव्या लादीला हात घालावा लागतो. एका लादीतून बऱ्याच चिरा निघतात हे खरं, पण त्यातल्या अर्ध्या कटरखाली तुटतात. आमच्या लादीवाल्याने अनुभवाने एक केलं: चीर दाराकडे न ठेवता सोफा येणार त्या भिंतीकडे सरकवली, आणि तिच्यातला बराच भाग स्कर्टिंगच्या जाडीत लपवला.

तर हिशेब असा: ३४० अधिक ३७ म्हणजे ३७७. त्यावर दहा टक्के, ४१५. साडेपंधराने भागा, २६.८, म्हणजे २७ बॉक्स. बावीस आणले असते तर पाच बॉक्स पुन्हा आणायला गेलो असतो, आणि तोवर बॅच बदललेली. बॉक्सवर बॅचचा नंबर असतो. दुसऱ्या बॅचची लादी दुकानात सारखी दिसते, जमिनीवर उजेड तिरका पडला की सारखी दिसत नाही.

आता पैसे. इथे एक बारीक गोष्ट आहे. नासाडीचे पैसे मालात द्यायचे, मजुरीत नाही. लादीवाला बसवलेल्या फुटांची मजुरी घेतो, विकत आणलेल्या फुटांची नाही. हिशेबापुरते दर धरू: लादी ६० रुपये फूट, बसवणी ४० रुपये फूट, स्कर्टिंग २० रुपये धावता फूट. माल २७ बॉक्सचे ४१८.५ फूट, म्हणजे २५,११० रुपये. बसवणी ३४० फुटांची, १३,६००. स्कर्टिंग २,२००. एकूण ४०,९१०. ‘शंभर रुपये फूट, ३४० फूट’ असा हिशेब करून गेलो असतो तर ३४,००० घेऊन गेलो असतो. सिमेंट-रेती किंवा ॲडहेसिव्ह यात अजून आलेलंच नाही.

रेतीवरून आठवलं. ‘ब्रास’ हा शब्द ऐकला की आधी विचारा, कुठला? प्लास्टर-रंगाच्या मापात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, रेती-खडीत १०० घनफूट. शब्द तोच, वस्तू वेगळी.

चाळीस फुटांत अडीचशे फूट

बाथरूम आणि संडास मिळून जमीन ४० फूट. चारशेतले चाळीस, घराचा दहावा भाग. म्हणून खर्चही दहावा भाग असेल असं वाटतं.

बाथरूमची परिमिती २२ फूट, टाइल सात फुटांपर्यंत: १५४. दार वजा, १३६.५. संडासाची परिमिती १४, तशाच हिशेबाने ८०.५. भिंतींच्या टाइल्स २१७ फूट, जमीन ४०, बेरीज २५७. बाकी सगळ्या घराच्या जमिनीला ३४० फूट लादी लागली आणि या दोन खोपट्यांना २५७. त्यात जुन्या टाइल्स फोडायच्या, खाली वॉटरप्रूफिंग, नळाच्या पायपा भिंतीत. वॉटरप्रूफिंग पण ४० फुटांचं नसतं, ते भिंतीवर किमान फूटभर चढवतात, म्हणजे ३६ फूट परिमितीचे आणखी ३६ धरायचे. एकूण ७६, जमिनीच्या जवळजवळ दुप्पट.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. वहिनींनी निवडलेली टाइल बारा-अठराची, म्हणजे खरी ३०० बाय ४५० मिलिमीटर, उभी लावायची. सात फूट म्हणजे २१३४ मिलिमीटर. चार ओळी १८०० ला संपतात, पाचवी ओळ ३३४ वर कापावी लागते, आणि वरचा तुकडा फेकला जातो. पाचवी ओळ अख्खी ठेवली असती तर टाइल्स तेवढ्याच लागल्या असत्या आणि भिंत साडेचार इंच वरपर्यंत झाकली गेली असती. ‘सात फूट’ ही सवयीने सांगितलेली उंची. उंची ओळींत सांगावी.

डेब्रिज

फोडलेलं घनफुटांत मोजायचं. २५७ फुटांची टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून दीड इंच जाडी धरली, तर २५७ गुणिले दीड भागिले १२, म्हणजे ३२ घनफूट. भिंतीवर बसलेला माल सुटा झाला की फुगतो, दीडपट धरा, ४८. एका गोणीत उचलता येईल एवढंच, म्हणजे घनफूटभर भरतात. पन्नासेक गोण्या. सोसायटी लिफ्ट देत नाही, गोणीमागे आणि मजल्यामागे मजुरी लागते, त्यानंतर टेम्पो. कोटेशनमध्ये हे ‘लम्पसम’ या एका शब्दाखाली असतं. गोण्या मोजून विचारलं तर तो शब्द लगेच आकड्यात बदलतो.

ओटा आणि कपाट

ओट्यात फसायची जागा म्हणजे कोपरा. वहिनींचा ओटा एल आकाराचा, एका भिंतीने आठ फूट, दुसरीने सहा, रुंदी दोन. १४ फूट गुणिले २, अठ्ठावीस चौरस फूट ग्रॅनाइट, असं कोटेशन. पण कोपऱ्यातला दोन बाय दोनचा चौकोन दोन्ही हातांत मोजला गेला. खरं माप १६ अधिक ८, चोवीस. आणि पुढच्या कडेला जे मोल्डिंग करतात ते भिंतीकडच्या मापाने १४ फूट नाही. पुढची कड सहा आणि चार, दहाच फूट. कागदावर एल काढून दाखवला तेव्हा मार्बलवाला हसला आणि म्हणाला, सगळे असंच मोजतात. शक्य आहे.

कपाटाचा दर समोरच्या तोंडावर असतो, उंची गुणिले रुंदी. सहा बाय सातचं कपाट म्हणजे ४२ फूट. आत लागणारं प्लाय त्याच्या चौपटीच्या आसपास असतं: बाजू, तळ, छत, पाठ, कप्पे, दारं. त्यामुळे इथे चौरस फुटांचा दर घासण्यात फार अर्थ नाही. कितीचं प्लाय, पाठीला किती जाडीचं, आतून लॅमिनेट की नुसता रंग, ड्रॉवर किती, हे लिहून घेतलं तरच दोन कोटेशनं एका पंगतीत बसतात.

जे फुटांत मावत नाही

नळाचे पॉइंट, विजेचे पॉइंट, सोसायटीचं डिपॉझिट, कमोड, गीझर, मजुरांचे येण्या-जाण्याचे किमान पैसे. घर ३०० फुटांचं असो की ९०० चं, कमोडची किंमत तीच. म्हणून लहान घराचा खर्च फुटावर काढला की नेहमी महाग दिसतो, कॉन्ट्रॅक्टर दरवेळी लुबाडतच असतो असं नाही. मी वहिनींना वहीत दोन पानं पाडायला सांगितली. एका पानावर फुटांनी मोजायचं, दुसऱ्यावर नगाने. दुसरं पान पहिल्याच्या निम्म्याला आलं.

आणि वर दहा टक्के हात राखून. ते कशासाठी ते भिंत सांगते. बोटाच्या पेराने वाजवून बघितली तर चांगलं प्लास्टर ठणठणीत वाजतं, सुटलेलं पोकळ वाजतं. बेडरूमच्या खिडकीखालची भिंत, पावसाची बाजू, ती पोकळ वाजली आणि चाळीस फूट प्लास्टर काढावं लागलं. ते कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हतं.

शेवटचं बिल

रंगाचा दर ठरला होता २८ रुपये फूट, लांबी, प्रायमर आणि दोन हात धरून. बिल आलं १,८२० फुटांचं, ५०,९६० रुपये. माझ्या वहीत १,५३०. मिस्त्री म्हणाला, ‘ताई, दारं कोण वजा करतं?’ मी म्हटलं, दारांना तुम्ही रंग लावलाय का? तो म्हणाला, दारांना नाही, पण दाराच्या बगला, खिडकीच्या आतल्या कडा, ते काय हवेत रंगवलं?

त्याचं म्हणणं अगदीच फेकण्यासारखं नव्हतं. बांधकामाच्या मापांचं एक भारतीय मानक आहे, आयएस १२००. प्लास्टरच्या मापात ते सांगतं की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा गाळा, म्हणजे दार-खिडकीची मोकळी जागा, वजाच करू नका. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंतचा असेल आणि भिंतीच्या दोन्ही तोंडांना तेच काम असेल, तर एकाच तोंडाचा वजा करा. दुसऱ्या तोंडाचं माप बगलांच्या कामापोटी तसंच राहू द्यायचं. तीनच्या वर गेला तर दोन्ही तोंडं वजा आणि बगला वेगळ्या मोजायच्या. आपलं तीन बाय सातचं दार २१ चौरस फुटांचं, म्हणजे दोन चौरस मीटरपेक्षा थोडं कमी. मी बेडरूम आणि किचनची दारं दोन्हीकडून वजा केली होती, पॅसेजचं तोंडही. त्याने एकाही बाजूने केली नव्हती.

आम्ही हॉलमध्ये पेपर पसरून पुन्हा बसलो. तो म्हणाला, मूळ मापं भिंतीवर लिहिली होती ना. दोघांनीही भिंतीकडे बघितलं. भिंत स्वच्छ, मोतिया रंगाची. मी फोन काढला. मोजायच्या दिवशी त्याचा तो पेन्सिलीचा हिशेब मी फोटोत घेऊन ठेवला होता, ९.६ सकट. दारं एकेका तोंडाने वजा केली, पॅसेजचं तोंड एकदा, नऊ-सहाचे साडेनऊ केले. आले १,६००. बिल ४४,८०० चं झालं. वहिनींनी चहा टाकला, आणि मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढून पेपरच्या कडेला खाली रेघ मारली, दोनदा.